हबेस, आर्या आणि कोंडीभावजी

१ ऑक्टोबर २००२. आजचं काम: गिरणीचं अंगण मोकळं करणे.

कॅलेंडरवर लिहिलेलं हे वाक्य वाचायला सोपं वाटतं. झाडू घ्यावा, पाण्याचा सडा मारावा, झालं. पण आमच्या अंगणाच्या मधोमध एक हार्वेस्टर उभा होता. आख्ख्या ट्रकएवढा, पुढे दातांचा पंजा, वर चढायला शिडी, आणि इंजिनाला आरपार भोक. तो हलवायचा कसा, हा प्रश्न नव्हता. तो हलवायचा असं कोंडीभावजींकडून वदवून कसं घ्यायचं, हा प्रश्न होता.

महाडहून मुंबईकडे निघालं की दासगावच्या अलीकडे हायवेला लागून आमची भातगिरणी आहे. आमचे हे गेल्यापासून मीच चालवते. कोंडीराम हे ह्यांचे मामेभाऊ. वयाने माझ्यापेक्षा चांगले मोठे, पण आमचे हे त्यांच्याहून थोरले, म्हणून मी त्यांची वयनी आणि ते माझे भावजी. गाव उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरातली एक वाडी. आयुष्य गेलं मुंबईच्या गोदीत. क्रेनखाली उभं राहून वरच्या ड्रायव्हरला ओरडून इशारे द्यायचे, हे त्यांचं काम. गोदीत त्यासाठी दोनच शब्द असतात. ‘हबेस’ म्हणजे वर घे. ‘आर्या’ म्हणजे खाली सोड.

भावजी निवृत्त झाले, शब्द झाले नाहीत. खुर्चीतून उठायचं तर स्वतःलाच “हबेस!” बसायचं तर “आर्या…” आणि टेकेपर्यंत तो ‘या’ लांबत जायचा. जेवायला वाढताना भात जास्त झाला की हाताचा पंजा वर करून “हबेस, हबेस, वयनी!” म्हणजे डाव उचला. आमटी कमी पडली तर “आर्या.” एकदा महाडला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती. भटजी एक ‘सावधान’ म्हणून श्वास घेतात तोच मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “आर्या!” अंतरपाट धरलेल्या दोघांनी दचकून तो सोडून दिला. भटजींचा एक श्लोक राहिला होता. मुलीने तोवर हार घालून टाकला. भावजी शेजारच्याला सांगत होते, “लोड करेक्ट बसला.”

डोक्यावर गोदीतलं पिवळं हेल्मेट. एसटीतही. का, असं विचारलं तर म्हणायचे, “वर काय टांगलेलं हाय ते आपल्याला दिसतं का?”

तर असा हा माणूस निवृत्तीनंतर वर्षभरात घाटावर गेला आणि हार्वेस्टर घेऊन आला. पंजाबातून गहू कापायला आलेल्या एका टोळीने साताऱ्याच्या बाजूला तो टाकून दिला होता, जुना झाला म्हणून. भावजींनी तो घेतला आणि आंबेनळी घाटातून खाली आणला. त्या दिवशी महाबळेश्वरहून पोलादपूरला येणाऱ्या सगळ्या एसट्या त्यांच्यामागून वरातीसारख्या आल्या. पोलादपूरच्या नाक्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, “कोंडीराम, गोदीतनं निघालास तो बोट घेऊनच आलास का रे?”

आता आमच्याकडची शेतं वाचकांना ठाऊक नसतील तर सांगते. पोलादपूरच्या डोंगरात शेत म्हणजे पायरी. एका पायरीवर बैलजोडी वळली की दुसऱ्या पायरीवर शेपूट जाते. तिथे हार्वेस्टर न्यायचा म्हणजे जिन्यावर एसटी चढवण्यासारखं. भावजींच्या वाडीला तर धड गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे मशीन वाडीच्या जन्मात वाडीवर गेलं नाही. ते राहिलं माझ्या अंगणात. “दोन दिवस, वयनी,” असं म्हणून ठेवलं होतं.

चालायचं ते फक्त दासगावच्या खलाटीत. सावित्रीकाठची ती जमीन सपाट, खाचरं मोठी. पहिल्या वर्षी मशीन चिखलात रुतलं आणि बैल लावून काढावं लागलं. पुढच्या वर्षापासून मात्र भावजींना जमिनीचा अंदाज आला. हेल्मेट घालून वर बसायचे. खाली इशारे द्यायला कोणी नसायचं, म्हणून स्वतःच ओरडायचे आणि स्वतःच ऐकायचे. “आर्या!” म्हणाले की पंजा खाली. “हबेस!” म्हणाले की पंजा वर. मागे बगळ्यांची रांग. हायवेवरून जाणारे गाड्या थांबवून बघत.

आणि एवढं करून मोबदला काही नाही. शेतवाला पैसे काढायला लागला की भावजी हात वर करायचे. “पैशे नाय. सावड हाय.”

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. जुनी रीत आहे, चांगली आहे, पण ती माणसामाणसांत. मी त्यांना म्हटलंही होतं, “भावजी, मशीनची सावड लोक फेडणार कशी? त्यांनी काय दुसरं मशीन आणायचं?” ते म्हणाले, “फेडतात ना.” मी विषय सोडून दिला. ज्याला डिझेल फुकट जाळायचं त्याने जाळावं.

आणखी एक सवय होती. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला माझा टेम्पो मागून न्यायचे आणि दासगावच्या बायांना भरून घेऊन जायचे. “देवीला जातो,” म्हणायचे. टेम्पो परत यायचा तेव्हा हौद्यात गवताच्या काड्या आणि चिखल. मी म्हणायची, ही कुठली देवी, जिच्या दारात एवढा चिखल?

ह्या वर्षी मशीनचं इंजिन गेलं. कसं गेलं ते ऐका, कारण असं इंजिन दुसऱ्या कोणाचं जाणार नाही.

पावसाळ्यात सायलेन्सरचं तोंड झाकावं लागतं, नाहीतर पाणी थेट इंजिनात उतरतं. भावजी त्यावर पत्र्याचा डबा उपडा घालत. पण नारळी पौर्णिमा आली. गोदीतल्या माणसाला त्या दिवशी नारळ द्यावाच लागतो. समुद्र दूर, नदीला दिला तर नदी ऐन भरात. म्हणून त्यांनी मशीनलाच नारळ द्यायचा ठरवला. डबा काढला, सायलेन्सरच्या तोंडावर नारळ कलशासारखा घट्ट बसवला, हळदकुंकू वाहिलं. “झाकण ते झाकण, पूजा ती पूजा,” म्हणाले आणि वाडीवर निघून गेले.

नारळ वांदरांनी नेला. कधी नेला कोणी पाहिलं नाही. पाऊस मात्र तिथे राहायला होता.

पुढे गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले. परतीच्या वाटेवर अंगणात ही गर्दी. “कोंडीकाका, स्टार्ट करून दाखवा!” भावजी हेल्मेट घालून चढले. “हबेस!” म्हणत बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा गुरगुरलं, तिसऱ्यांदा आतून असा आवाज झाला की माझ्या गिरणीच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. मग काळं तेल शिडीवरून थेंब थेंब खाली. चाकरमान्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं.

महाडचा बाबूमेस्त्री आला. इंजिनात डोकं घालून बराच वेळ राहिला. बाहेर आला तो वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याने. “काका, आत पाणी भरलेलं. पाणी काय दबत नाय. रॉड वाकला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. ब्लॉकला वेल्डिंग करून बघतो, रॉड नवा टाकतो, क्रँक लेथवर नेऊन घासायचा. दिवाळीपर्यंत उभी करीन. पण खर्च बघा. आणि नाय टिकली तर मला बोलू नका.”

“आणि नाय केली तर?”

“भंगारवाला न्यायला तयार हाय.”

भावजी “आर्या…” म्हणत खालीच बसले.

तेव्हापासून त्यांचं ‘करू की नको’ चालू झालं. सकाळी येऊन ‘करू’ म्हणत, दुपारी चहा पिऊन ‘नको’ म्हणत. शेवटी गावच्या देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. गुरव म्हणाला, “देवी नको म्हणते.”

भावजींनी विचारलं, “डावी कुणाची? देवीची का माझी?”

“देवीची.”

“मग मी उभा हाय तिथून ती उजवी. सिग्नल खाली उभ्या माणसाच्या बाजूने धरायचा असतो. परत लाव.”

परत लावला. आता देवीची उजवी पडली. भावजी लगेच म्हणाले, “हां. आता देवीच्या बाजूने धर.”

गुरवाने हात जोडले. “कोंडीराम, तुला होयच पाहिजे तर देवीला कशाला उठवतोस रे?”

तरीही ‘करू’ काही ठरलं नाही, कारण देवी बाबूमेस्त्रीकडे जामीन राहणार नव्हती. इकडे नवं भात येण्याचे दिवस जवळ आले. म्हणून मी कॅलेंडरवर ते वाक्य लिहिलं, भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं आणि भावजींना समोर बसवलं.

“भावजी, तुमचं स्वतःचं ह्या मशीनने कापण्याजोगं एक खाचर नाही. लोकांचं फुकट कापता. वांदरं तुमचे नारळ खातात. आणि माझं गिऱ्हाईक गाडी वळवता येत नाही म्हणून दुसऱ्या गिरणीवर जातं. ह्यात मशीन ठेवण्याचं एक कारण सांगा.”

ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. पट्टा ओढत होते, सोडत होते. काहीतरी सांगतील असं वाटलं.

“कारण हाय,” म्हणाले. मग म्हणाले, “पण अंगण तुमचं.”

“मग?”

“बोलवा त्याला.” उठून मशीनच्या चाकावर एकदा हात ठेवला. “आर्या.” एवढ्या हळू आवाजात हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाबूमेस्त्रीला ‘येऊ नको’ सांगून येतो म्हणून ते महाडला गेले. चहा तसाच राहिला. कोंडीभावजींनी चहा टाकला, ही काही बरी गोष्ट नव्हती.

माझा एक नियम आहे. घरच्या बाईला विचारल्याशिवाय त्या घरातला खिळाही विकायला लावायचा नाही. पुढे भांडण होतं आणि नाव आपलं येतं. काशीबाईला, म्हणजे भावजींच्या बायकोला, विचारून मोकळं व्हावं म्हणून मी दुपारची एसटी धरली, उमरठला उतरले आणि वाडी चढले.

काशीबाई दाराच्या पायरीवर बसून दगडावर कापणीचा इळा परजत होती. वर न बघताच म्हणाली, “कोण, वयनी? ये गो.”

“वर न बघता कसं ओळखलंत?”

“वर बघायचं माझं कवाच सुटलं. मी पाय वळखते. चपलेला गिरणीचा कोंडा हाय तुझ्या.”

ती उठली तेव्हा मला दिसलं. सणावारी बसलेल्या बायकांत बसलेली पाहिली होती, त्यामुळे लक्षात आलं नव्हतं. उभी राहूनही ती उभी नव्हती. कमरेपासून पुढे वाकलेली, हात गुडघ्यांच्या खाली. जन्मभर भात लावलं, भात कापलं, आणि पाठ तशीच राहून गेली. तशीच चुलीपर्यंत गेली आणि चहा ठेवून आली.

मी सरळ विषयाला हात घातला. “मशीन विकायचं ठरलंय. उद्या भंगारवाला येतोय. तुम्हाला विचारायला आले.”

“इकताय?” ती थांबली. “मग सावड?”

“कसली सावड?”

“आता बघा! बाया तुझ्याच टेंपोतनं येतात आणि तुला ठाव नाय? दासगावच्या. इळे घेऊन.”

माझा टेम्पो. दसरा. चिखलवाली देवी. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली.

“आमचं डोंगरावरचं भात आधी होतं,” काशीबाई म्हणाली. “दासगावचं मागाहून. मग त्या बाया येतात, आमचं कापून देतात. ह्यो मागनं जाऊन त्यांचं मशीनने कापतो. मला हातात इळा घेऊ देत नायत. काकी, तुमच्या वाटचं मशीन करणार, तुम्ही बसा, म्हणतात. मी बांधावर बसते, कोण भारा सैल बांधते ते बघते. पाटलीणच जशी.”

“एवढा उपद्व्याप कशाला? चार मजूर लावायचे की.”

“लावलेलान् ना. मुंबई सोडून आला त्या साली. मी इळा घेऊन आडवी उभी राह्यले. म्हटलं, मी जित्ती हाय तवर पैशे घेतलेली माणसं माझ्या शेतात घालायची नायत. घालणारा तू कोण? कापणी कधी बघितलीस तरी का?” ती जरा थांबली. “नव्हतीच गो बघितलेली त्यानं. गणपतीला यायचा तवा शेत हिरवंगार. शिमग्याला यायचा तवा शेत मोकळं. मधलं कापणीचं दिवस त्याच्या रजेत बसलंच नायत कधी. त्याला वाटायचं, भात आपलं आपणच घरात येतं.”

“मग?”

“त्या साली बघितलान्. दिवसभर मी कापत होते. सांजेला बांधावर येऊन उभा राह्यला. म्हणतो, काशे, हबेस, चल घरी. म्हटलं, हबेस आता होत नाय रे माझी. नुसती आर्याच राह्यलीय.” काशीबाई हसली. “मी मस्करी केली. ह्यानं हसायला पायजे होतं ना? हसला नाय. थोड्या दिवसांनी घाटावर गेला आणि ते धूड घेऊन आला.”

चहा उतू जाण्याच्या बेताला आला होता. मी उठून खाली उतरवला.

“मजुराला मी हाकलीन,” ती म्हणाली. “सावडीला आलेल्या बाईला बांधावरनं माघारी कशी लावू? वाडीत तोंड दाखवायला जागा राहणार नाय. ते बरोबर ठाव त्याला. त्याला वाटतं, काशीला काय कळलं नाय. वाटू दे. तू सांगू नको हां.”

“आणि मशीन गेलं तर?”

“गेलं तर बाया कशाला येतील? त्यांचं कोण कापील?” तिने इळा उचलून धारेवरून अंगठा फिरवला. “माझं काय नाय गो. इळा हाय.” आणि पुन्हा परजायला बसली. खालच्या पायऱ्यांवर भात पिवळं पडायला लागलं होतं.

येताना एसटीत मला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. दिवाळीपर्यंत मशीन उभं राहिलं तर दासगावचं कापायला वेळेत होतं. दासगावच्या बायांना मात्र आताच शब्द मिळायला हवा होता. आणि अंगणातला कोपरा, भात भरडायच्या जुन्या हलरने अडवलेला, रिकामा केला तर मशीन मागे सरकवून टेम्पो वळत होता. हे मी आधीच बघायला हवं होतं असं काही नाही. आधी गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. मी त्याला माझा जुना हलर दिला, दोन मोडक्या पुल्या दिल्या. “आणि हे?” त्याने मशीनकडे बोट केलं. “हे विकायचं नाही,” म्हटलं. जाता जाता त्याच्या ट्रकने मशीन रेटून कोपऱ्यात लावून घेतलं. बाबूमेस्त्रीला फोन केला, म्हटलं, काकांनी काल काय सांगितलं ते विसर, इंजिन उतरवायला ये, आणि वेल्डिंग टिकलं नाही तर बोलणार आहे मी, चांगलीच बोलणार आहे. मग दासगावात जाऊन बायांना सांगून आले: टेम्पो दसऱ्याच्या सुमाराला नेहमीसारखा, देवीला. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. टेम्पोच्या मालकिणीलाच नव्हतं.

परत आले तर भावजी अंगणात उभे. मशीनला शेवटचं बघायला आले असणार, कारण हेल्मेट काखेत होतं. कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते.

“भंगारवाला आला नाय?”

“आला आणि गेला. हलर घेऊन.”

“मग हे?”

“कारण आहे म्हणाला होतात ना? मग असेल.” जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. वर ढग भरून आले होते आणि सायलेन्सरचं तोंड अजून आ वासून उघडं. मी तेलाचा रिकामा डबा घेतला, तारेचं वेटोळं घेतलं, पदर खोचला आणि शिडी चढले.

भावजींनी काखेतलं हेल्मेट डोक्यावर घातलं. दोन पाय फाकून, मान वर करून, हाताचा पंजा उघडून ते बरोबर माझ्याखाली उभे राहिले.

“आर्या, वयनी… आर्या… आस्ते… जरा हबेस… आर्या. बास!”

मी तार तीनदा आवळली, पिळून घट्ट केली. वांदरांचा भरवसा नाही. मग खाली उतरले आणि गिरणी चालू केली.